रात्रीं रस्त्यावरील उंसाची गाडी

महसूल खात्यांतील कारकुनीच्या काळांत वारसनोंदीचे पुष्कळ अर्ज माझ्या हातून गेले. मयताचें वय तिशी-चाळिशीचें दिसलें, म्हणजे मी सहज कारण विचारीत असें. "रात्रीं उंसाच्या गाडीवर आदळला" हें उत्तर गळिताच्या महिन्यांत मला अनेकदां ऐकावें लागलें. म्हणून हा विषय शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहें.

आदळणाऱ्यास बेफाम ठरवून आपण मोकळे होतों. पण थोडा हिशेब करूं. भरलेली बैलगाडी तासास सुमारें ४ किलोमीटर चालते. मागून मोटार ८० च्या वेगानें आली, तर दोहोंमधील अंतर दर सेकंदास २१ मीटरांनीं तुटतें. समोरून वाहन आलें म्हणून मोटारवाल्यानें दिवे खालीं केले, कीं सुमारें ५० मीटरांपलीकडील उंसाचें काळसर ओझें त्यास बहुधा दिसत नाहीं. हातीं उरले जेमतेम दोन सेकंद; त्यांतील एक तर ब्रेकवर पाय जाण्यांतच संपतो.

तांबडा रिफ्लेक्टर मात्र त्याच उजेडांत कितीतरी दुरून चमकतो. ट्रॉलीस तो मागें असावा, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत आहे. बैलगाडी मोटार वाहन नसल्यामुळें त्या नियमांतून सुटली, आणि खरी गरज तर तिलाच! शिवाय तो ट्रॉलीच्या फळीवर असला, तरी मागें लोंबणाऱ्या वाढ्यांनीं झांकून जातो. यासाठीं गाडी भरून झाल्यावर चमकती पट्टी शिवलेलें कापड ओझ्याच्या अगदी मागच्या टोकास, दोन्ही कडांना बांधावें. नांगर अथवा रोटाव्हेटर उचलून नेतांना ट्रॅक्टराचे मागील दिवे असेच आड जातात.

ट्रॅक्टरवाल्यांस आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. शेतांत वळण्याच्या सोयीसाठीं डाव्या व उजव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वीं दोन्ही पेडल कडीनें एकत्र जोडलेच पाहिजेत. नाहींतर वेगांत एकच पेडल दाबलें जाऊन ट्रॅक्टर त्या बाजूस ओढला जातो व उलटतो. उतारावर गिअर काढून डिझेल वांचविणारे शहाणेही मीं पाहिले आहेत.

आतां स्वतःचा दोष सांगतों. तीन वर्षांपूर्वीं माझी ट्रॉली रात्रीं रस्त्यांत अडली. चाकांखालीं दगड लावले, काम झाल्यावर गाडी पुढें काढली. दगड तसेच राहिले. पहाटे दूध घेऊन जाणारा गांवचाच एक मुलगा मोटारसायकलीवरून त्यांवर पडला. जीव वांचला, पाय अधू झाला. त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहींत.

गाडी ठेकेदाराची, बैल गाडीवानाचे, मग पट्टी कोणीं बांधावी, असा वाद आमच्याकडे हंगामभर चालतो. बांधावरून ऊंस माझा निघतो, इतकें मला पुरे आहे. हल्लीं गाडी सुटण्यापूर्वीं मी विजेरी घेऊन पन्नास पावलें मागें जातों. कांहीं चमकलें नाहीं, तर बैल जुंपूं देत नाहीं. गाडीवान प्रथम कुरकुरले. यंदा दोघे स्वतःच पट्टी मागावयास आले.