म्हातारपणी मन खचू नये म्हणून

दिवाळीच्या आगेमागे अंबड, घनसावंगी, मंठा भागातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. वस्तीत मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी नातवंडं. ‘आता आमचं काय राहिलंय? कुणाला भार नको,’ हे बोल मग घराघरांत ऐकू येतात. वय झालं की असं व्हायचंच, म्हणून आपण ते सोडून देतो. पण हा तब्येतीचा प्रश्न आहे.

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पाहणी केली. साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे आठ जणांमध्ये नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झालेले मात्र शंभरात एकही भरत नव्हते. म्हणजे बहुतेकांचं दुखणं कुणी ओळखलेलंच नव्हतं.

अमेरिकेतील परिचर्याशास्त्राच्या अभ्यासक पामेला रीड यांनी १९९१ मध्ये ऐंशीच्या पुढच्या माणसांचा अभ्यास मांडला. ज्यांचं मन स्वतःच्या दुखण्यात अडकून न राहता त्यापलीकडे जात होतं, त्यांच्यात नैराश्य कमी दिसलं. याला ‘स्वतःपलीकडे जाणं’ म्हणतात. यात आत्मा, मोक्ष, परलोक काही मानावं लागत नाही. त्या माणसांमध्ये चार गोष्टी दिसल्या. आपल्या घरात त्या अशा आणता येतील :

१) दुसऱ्याच्या उपयोगी पडणं. नातवाला वंदना शिकवणं, बाळंतिणीला दोन अनुभवाच्या गोष्टी सांगणं, विहारात दिवाबत्ती करणं.

२) मनाचं खाद्य. वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचं वाचन होतं. अक्षरओळख नसली तरी ऐकता येतं, प्रश्न विचारता येतो. रोज थोडा वेळ श्वासाकडे लक्ष देऊन बसता येतं.

३) काल, आज आणि उद्या जोडणं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली, नामांतराच्या लढ्यात घर सांभाळलं, लेकरं शिकवली. हे नातवंडांना सांगताना आयुष्य वाया गेलं नाही हे मनाला पटतं. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावं.

४) शरीराची मर्यादा मान्य करणं. गुडघे चालत नाहीत, म्हणून सगळंच संपलं असं नाही.

संयुत्त निकायात नकुलपिता या वृद्ध उपासकाची हकीकत आहे. शरीर थकलं, दुखणी मागं लागली, असं सांगत तो भगवान बुद्धांकडे आला. शरीर आजारी असलं तरी मन आजारी पडू नये, याचा अभ्यास करायला तथागतांनी त्याला सांगितलं.

मात्र याचा उलटा अर्थ काढू नये. स्वतःपलीकडे जाणं म्हणजे स्वतःला विसरणं नव्हे. बीपी-शुगरच्या गोळ्या, चष्मा, मोतीबिंदूची तपासणी, पोटभर जेवण हे आधी. ऐकू येत नाही, दिसत नाही म्हणूनही माणूस गप्प होतो. आजीवर चार लेकरं, पाणी आणि चूल टाकून ‘यातच तिचं समाधान’ म्हणणं हा अन्याय आहे. काम तिच्या मनाचं आणि तिला झेपेल एवढंच हवं.

नैराश्य आल्यावरही माणूस आक्रसतो. तेव्हा ‘मन मोठं कर’ एवढं सांगून भागत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक कमी, कशातच रस नाही, असं दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. गरज पडली तर पुढे जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांना दाखवावं. औषधाने हा आजार बरा होऊ शकतो. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं. मरणाची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये, त्या माणसाला एकटं सोडू नये.

आणि जे ऊसतोडीला जाणार आहेत त्यांना आमची विनंती : निघण्यापूर्वी गोळ्यांची सोय करा, शेजारच्या एका घराला रोज चौकशी करायला सांगा आणि फोन केल्यावर लेकरांच्या आधी आईबापाची खुशाली विचारा.