अलार्म एकीकडे, दोष दुसरीकडे

भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत शिरा. लहानशा शेडमध्येही एखादं सीएनसी मशीन सापडतंच. लोखंड कापणारं टूल आपल्याला दिसतं. त्या टूलला मायक्रॉनच्या हिशेबात नेमक्या जागी नेणारी यंत्रणा मात्र पॅनेलच्या दाराआड असते. कंट्रोलर, ड्राइव्ह, सर्व्हो मोटर, एन्कोडर आणि त्यांना जोडणाऱ्या केबल. यातलं काहीही बिघडलं की पडद्यावर अलार्म येतो, जॉब अर्धवट राहतो आणि मेंटेनन्सवाल्याला बोलावणं जातं. त्याच्या कामाला बहुतेक जण ‘रिपेरिंग’ म्हणून मोकळे होतात. खरं तर ते शोधकार्य आहे.

१९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन जगापुढे मांडलं. त्यामागचं तत्त्व आजही तेच आहे: हुकूम द्यायचा, टेबल प्रत्यक्षात किती सरकलं ते मोजायचं आणि राहिलेला फरक भरून काढायचा. मोजण्याचं काम एन्कोडर करतो. त्याच्या चकतीवर २५०० रेषा असतील तर ए आणि बी या दोन सिग्नलच्या चढउतारांतून एका फेऱ्यात १०,००० पल्स मिळतात. मोटरला थेट जोडलेल्या बॉलस्क्रूचा पिच १० मिमी असेल, तर एक पल्स म्हणजे बरोबर एक मायक्रॉन.

हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक मर्यादेबाहेर गेला की ‘फॉलोइंग एरर’चा अलार्म येतो. वंगण न पोचल्याने स्लाइड जड झालेली असू शकते, कव्हरखाली कापलेल्या धातूची बर अडकलेली असू शकते, कपलिंगचा स्क्रू ढिला झालेला असू शकतो किंवा मोटरचा ब्रेक सुटलेला नसू शकतो. अलार्म फक्त तक्रार कुठे जाणवली ते सांगतो. ती कशामुळे उद्भवली हे सांगत नाही. अशा वेळी घाईने महागडा ड्राइव्ह बदलणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

जाणकार तंत्रज्ञ आधी शंकेचं क्षेत्र निम्मं करतो. समजा, व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरच्या, एक्स अक्षावर एन्कोडरचा अलार्म आहे आणि वाय अक्षाची मोटर तशाच मापाची आहे. वीज बंद करून तो ड्राइव्हकडच्या बाजूला दोन्ही अक्षांच्या केबल अदलाबदल करतो. पॉवर आणि एन्कोडर, दोन्ही केबल सोबतच बदलायच्या. एकच बदलली तर मोटर बेफाम सुटू शकते. मग अक्ष न हलवता नुसती वीज सुरू करायची. अलार्म वायवर सरकला तर दोष केबल, एन्कोडर किंवा मोटरमध्ये; एक्सवरच राहिला तर ड्राइव्हकडे. बॅटरीवर जागा लक्षात ठेवणारा एन्कोडर असेल तर नंतर होम पोझिशन पुन्हा सेट करावी लागते, हेही त्याला ठाऊक असतं.

बऱ्याचदा गुन्हेगार निघते ती टेबलासोबत हलणाऱ्या ड्रॅग चेनमधली केबल. सतत वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. टेबल एका टोकाला असताना जोड लागतो, दुसऱ्या टोकाला सुटतो. म्हणून नुसती कंटिन्युइटी बघून भागत नाही. मल्टीमीटर लावून केबल इंचाइंचाने हलवून पाहावी लागते.

कंट्रोलर आणि ड्राइव्ह यांच्यातल्या संवादाचे दोष याहून फसवे. १९८६ साली बॉशने मांडलेल्या कॅन बस या दोन तारांच्या संवादवाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओमचे रेझिस्टर लागतात. वीज बंद करून दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओमच्या आसपास आकडा यायला हवा. १२० आला तर एक रेझिस्टर नाही किंवा तार तुटली आहे. ४० आला तर कुणीतरी तिसरा बसवला आहे. बेकहॉफने २००३ मध्ये आणलेल्या इथरकॅट या नेटवर्कमध्ये प्रत्येक उपकरण आपल्या पोर्टवरच्या चुका मोजून ठेवतं. साखळीत ज्या पोर्टवर हा आकडा पहिल्यांदा वाढताना दिसेल, त्याच्या अलीकडची केबल आधी तपासायची.

आणि कधी अलार्म नेमका कूलंट पंप सुरू होताना येतो, म्हणजे विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरत असण्याची शक्यता असते. मग मोटरच्या केबलला चिकटून नेलेली एन्कोडरची केबल वेगळ्या मार्गाने न्यायची, शील्ड क्लॅम्पने चहूबाजूंनी नीट अर्थ करायचं, काँटॅक्टरच्या कॉइलला सर्ज सप्रेसर लावायचा.

या कामात जिवाचा धोका आहे. ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या ड्राइव्हच्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ५८० व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि मेन स्विच पाडल्यावरही ते लगेच उतरत नाहीत. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबून, व्होल्टेज मोजूनच हात घालायचा.

कारखानदारांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे. पॅरामीटरचा बॅकअप घेऊन ठेवा, वायरिंगचा नकाशा पॅनेलमध्ये ठेवा, प्रत्येक अलार्म वेळेसह रजिस्टरमध्ये लिहा. आणि मशीन बंद पडलं की तंत्रज्ञाच्या डोक्यावर उभं राहून घाई करू नका. पार्ट बदलण्याआधी मोजून पाहायला त्याला पुरेसा वेळ द्या.