प्रागैतिहासिक घरांचा पुरावा आणि पांढरीचे महत्त्व : इनामगाव व तेर यांच्या संदर्भात

प्रस्तावना : धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे तेरणाकाठचे गाव प्राचीन ‘तगर’ म्हणून सर्वश्रुत आहे. तेथील सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी व हस्तिदंती बाहुली लामतुरे वस्तुसंग्रहालयात जतन झाल्या आहेत. वस्तू अशा रीतीने संग्रहालयात नेता येतात. घर मात्र नेता येत नाही. मातीच्या घराचा पुरावा मातीतच असतो. तो कसा ओळखावा, याचा महाराष्ट्रातील सर्वोत्तम नमुना म्हणजे इनामगाव होय.

घरांचा पुरावा : पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी असलेल्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झै. दा. अन्सारी यांच्या या कार्यात १३० हून अधिक घरे उजेडात आली. लाकडी खांब कुजून गेले, तरी त्यांच्या खळग्यांत भरलेली माती रंगाने व पोताने वेगळी दिसते. अशा खळग्यांची रांग घराचा आकार सांगते. चोपलेली जमीन, कुडाच्या भिंतींचे लिंपण, चूल, धान्याची पेवे व कणगीचे ओटे यांवरून घरातील व्यवहार कळतो.

घररचनेतील बदल : माळवा काळात (इ.स.पू. १६०० ते १४००) व पूर्व जोर्वे काळात (इ.स.पू. १४०० ते १०००) घरे प्रामुख्याने आयताकृती होती. पाच खोल्यांचे एक घर व त्यालगतचे धान्यकोठार यांवरून ते गावप्रमुखाचे असावे, असा तर्क उत्खननकर्त्यांनी मांडला. उत्तर जोर्वे काळात (इ.स.पू. १००० ते ७००) लहान गोल झोपड्या आढळतात. वाढते अवर्षण व शेतीचा ऱ्हास यांच्याशी या बदलाचा संबंध जोडला जातो. म्हणजेच घराचा आकार हा समाजाच्या आर्थिक स्थितीचाही पुरावा ठरतो.

निष्कर्ष : मराठवाड्यात माळवदासाठी व शेतात टाकण्यासाठी जुन्या वस्तीची पांढरी माती खणून नेण्याची रीत आहे. त्या मातीत सापडलेले खापर कोणी उचलून ठेवील. परंतु खांबाचा खळगा एकदा फावड्याखाली गेला की कायमचा नष्ट होतो. म्हणून तेरसह जिल्ह्यातील पांढरीच्या टेकाडांची गाववार नोंद करणे अगत्याचे आहे. महाविद्यालयांतील इतिहास व भूगोल विभागांना हे कार्य विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, अल्प खर्चात हाती घेता येईल.