गुरुजींचे ऋण कसे फेडाल?



आपल्या चंदगड भागात काजू बी वेचण्याच्या धांदलीतच मुलांचा निकाल लागतो. गुरुजींना, बाईंना काहीतरी द्यावे असे मनात येते. भावना चांगली आहे, पण त्यासाठी घरोघर वर्गणी काढू नका. ज्याच्या घरी त्या दिवशी पैसा नाही, त्याच्या मुलाने मान खाली घालावी, हे कोणत्याच गुरुजींना रुचणार नाही.

त्याऐवजी मुलाला घेऊन शाळेत जा. वर्षभरात ते काय शिकले ते नेमके सांगा. "आमची पोरगी आता काजूच्या वजनाचा हिशेब स्वतः ताडून बघते," एवढे मुलीच्याच अक्षरात लिहून दिले तरी पुरे.

दुसरे काम जूनचे. वाडीवरच्या शाळेचा पट घटला की शिक्षकही घटतात. म्हणून शाळा चांगली चालली असेल, तर मुलाचे नाव तिथेच ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. बैठकीला जा, घरच्या कारभारणीलाही पाठवा. गळके छप्पर पावसाआधी दुरुस्त झाले, तर गुरुजींना तुमचे आभार पोचतील.