ओली चटई

वाकडमध्ये सकाळी सहा वाजता गच्चीवर लाकडी तलवार घेऊन उभ्या राहिलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाकडे शेजारीपाजारी कसे बघतात, ते मला चांगले ठाऊक आहे. समोरच्या इमारतीतल्या आजींनी तर कुरडयांचे वाळवण घालता घालता विचारलेच, ''काय हो, कावळे हाकलताय का?'' मी सरळ हो म्हटले. खरे कारण दोन गच्च्यांमधल्या अंतरावरून ओरडून सांगण्यासारखे नव्हते.

ते कारण म्हणजे एक ओली चटई. चाकणच्या एका कारखान्यात टूलरूमला असताना प्रशिक्षणासाठी मला आठ महिने जपानमध्ये, नागोया शहराजवळ राहावे लागले. तिथून तासाभराच्या वाटेवर गिफू प्रांतात सेकी नावाचे गाव आहे. कित्येक शतके तलवारी घडवणाऱ्या लोहारांचे हे गाव. आज तिथे स्वयंपाकाच्या सुऱ्या, कात्र्या आणि दाढीची पाती बनतात, पण तलवार घडवणारे हातही अजून आहेत. कारखान्यातला माझा फोरमन दर रविवारी तलवारीच्या वर्गाला जायचा. एकट्या परदेशी माणसाला रविवार किती मोठा असतो, हे त्याला कळले असावे. एके दिवशी तो मलाही घेऊन गेला.

मला वाटले होते, गेल्या गेल्या हातात तलवार मिळेल. पहिले दोन महिने लाकडी, पुढचे तीन महिने बिनधारेची. खरी तलवार लांबून बघायची. गुरुजी साठीचे, अबोल. माझे जपानी जेमतेम, त्यामुळे दोघांचीही सोय झाली.

खऱ्या तलवारीने कापण्याच्या या सरावाला तिकडे 'तामेशिगिरी' म्हणतात. तामेशी म्हणजे चाचणी, किरी म्हणजे कापणे. जपानी घरात जमिनीवर ज्या तातामी असतात, त्यांच्यावर लव्हाळ्यासारख्या गवताची विणलेली चटई चढवलेली असते. ती झिजली की बदलतात. ही काढून टाकलेली चटई रात्रभर पाण्यात भिजवायची, घट्ट गुंडाळून रबराने बांधायची आणि लाकडी खुंटीवर उभी रोवायची. भिजलेली गुंडाळी पात्याला मांसासारखा अडथळा करते, असे म्हणतात. हाडाच्या जागी आत हिरवा बांबू घालतात.

मूळ प्रथा याहून भयंकर होती. एदो काळात नव्या तलवारीची परीक्षा देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या शवांवर होत असे. यामादा आसाएमोन या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम होते, आणि निकाल मुठीच्या आतल्या लोखंडावर कधी कधी सोन्याच्या अक्षरांत कोरला जाई. रविवारी सकाळी चहा पिता पिता वाचायला हे बरे नाही, मला कबूल आहे. पण तेव्हा परीक्षा तलवारीची असे, आज ती धरणाऱ्या हाताची असते. हा फरक लक्षात यायला मला एक फजिती व्हावी लागली.

सहाव्या महिन्यात गुरुजींनी आपली तलवार माझ्या हाती दिली. देण्यापूर्वी मुठीतली एक बारीकशी खुंटी अंगठ्याने दाबून पाहायला लावली. पाते मुठीत बसते ते या बांबूच्या खुंटीच्या भरवशावर. एवढे पोलाद, एवढी कारागिरी, आणि सगळी भिस्त बोटाच्या पेराएवढ्या बांबूवर! ती सैल असेल तर पाते सुटून मागच्या रांगेतल्या माणसाला लागायचे. म्हणून प्रत्येक वेळी, प्रत्येकाने, गुरुजींनीसुद्धा, ती आधी तपासायची.

पहिला घाव तिरका. त्याचे नाव 'केसागिरी'. केसा म्हणजे बौद्ध भिक्षूचे खांद्यावरून कमरेकडे तिरके उतरणारे वस्त्र, आणि हा शब्द आपल्या 'काषाय'वरून गेलेला. एवढ्या लांब आपला शब्द भेटल्याचा मला इतका आनंद झाला की जोर जरा जास्तच लागला. पाते अर्ध्यात जाऊन अडकले आणि चटई खुंटीसकट आडवी झाली. मागे कोणी हसले नाही. त्याचेच जास्त वाईट वाटले.

गुरुजींनी चटई उचलली आणि कापलेली बाजू माझ्यापुढे धरली. छेद सपाट नव्हता. होडीच्या पोटासारखा खोलगट होता. त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर बोट ठेवले आणि मान हलवली. जपानी तलवार दोन्ही हातांनी धरतात. ओढ देतो तो मुठीच्या टोकाचा डावा हात. उजव्याने फक्त दिशा राखायची, आणि पकड ओला पंचा पिळावा तशी, करंगळीकडून. माझ्या उजव्या हाताने घाई केली, पाते वाटेत किंचित वळले. धारेची दिशा आणि पात्याची वाट एक नसेल तर चांगली तलवारही अडकते, प्रसंगी वाकते. मी टूलरूमचा माणूस. कटिंग टूलचा अँगल चुकला की जॉबवर चरे उठतात, हे रोज पोरांना शिकवत होतो. तीच चूक स्वतःच्या हातून झाली होती, आणि चटईवर ती पुराव्यानिशी उमटली होती.

तिथे चटई कापली गेली का, हे कोणी विचारत नाही. कापलेल्या तोंडाकडे बघतात. छेद काचेसारखा सपाट असेल तर पुढचा माणूस उठतो. वळला असेल तर का वळला, ते छेदच सांगतो. भीती वाटली की हात आखडतो आणि घाव उथळ जातो. राग असला की उजवा खांदा पुढे येतो. माझ्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा अंदाज मला कित्येकदा चटईवरूनच आला. घरून फोनवर भांडण झालेल्या रविवारी मी एकही सपाट छेद घेऊ शकलो नाही.

निघण्याच्या आधीच्या रविवारी एकदाच जमले. हाताला काही लागलेच नाही, म्हणून वाटले चुकलो. मग वरचा तुकडा सावकाश घसरला आणि खाली पडला. गुरुजींनी तलवार पुसायला कागद दिला आणि लवंगेच्या वासाचे तेल. ते तेल पात्यावर फिरवताना मला आमच्या आईची दाढदुखी आठवली.

परत आलो ते रिकाम्या हाताने. तलवार आणण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. त्याखालच्या नियमांत तलवारीबरोबर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, घरगुती आणि शेतीची अवजारे तेवढी वगळून. जपानमध्येही १८७६ मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार सरकारी हुकमाने उतरली. आज तिथे खऱ्या तलवारीला नोंदणीपत्र लागते, आणि ते देते त्या प्रांताचे शिक्षण मंडळ! कायद्याच्या लेखी ती कलावस्तू आहे. आपल्याकडे असे काही सुचवायला जीभ रेटत नाही, कारण आपल्या भागात पात्याचा अर्थच बदलला आहे. ऊस आणि नारळ तोडायचा कोयता. आज पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये त्याच्यापुढे 'गँग' हा शब्द लागतो. मागल्या वर्षी आमच्याच गल्लीत रात्री चार-पाच पोरांनी कोयते नाचवत उभ्या गाड्यांच्या काचा फोडल्या. त्यातला एक माझ्या मुलाच्या शाळेतला. सकाळी काचा झाडणाऱ्या वॉचमनकडे बघत सौ. म्हणाली, ''अहो, तुमची ती लाकडी तलवार आता माळ्यावर टाका.''

आणि नेमके त्याच आठवड्यात चिरंजीव म्हणाले, ''बाबा, मला शिकवा ना.''

मी आठ दिवस उत्तर दिले नाही. मुलगा पंधरा वर्षांचा. त्याला चटई दिसत होती की गल्लीतली दहशत, हे मला कळत नव्हते. शेवटी त्याला घेऊन गेलो ते मर्दानी खेळाच्या वस्तादांकडे. कोल्हापूरच्या मातीत टिकलेला हा खेळ, आणि दांडपट्ट्याला तर २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. पट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असतो. मनगट वळायला जागाच नाही, सगळा खेळ खांद्याचा आणि पायांचा. जमिनीवरचे, प्रसंगी माणसाच्या तळहातावरचे लिंबू त्याने कापतात. मी वस्तादांना जपानी चटईची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, ''लिंबू पोरं वर्षात कापत्यात. खाली हात ऱ्हायला पायजे, त्याला लई वर्षं लागत्यात.'' मग मुलाकडे वळून, ''फोनवर व्हिडिओ काढायचा न्हाई. काढलास तर येऊ नकोस.''

सौ.ने त्या अटीवरच होकार दिला. सहा आठवडे झाले. अजून फक्त पवित्रे चालू आहेत. लाठीसुद्धा हाती आलेली नाही. शाळेतल्या त्या मुलाबद्दल तो परवा आपणहून बोलला. मी विचारले नव्हते. काल रात्री मात्र फुरंगटून आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. ''कापायचं कधी शिकवणार?''

सौ. विळीवर बसली होती. तिने एक पिकलेला टोमॅटो त्याच्यापुढे सरकवला. म्हणाली, ''न दाबता काप.'' त्याने कापला. रस तिच्या साडीवर उडाला. तिने दुसरा उचलला, पात्यावर टेकवून अलगद ओढला आणि फोड दिव्याकडे धरून बघितली. त्या बघण्याने मी दचकलो. गुरुजी असेच बघायचे.

''धार गेलीय,'' ती म्हणाली. ''उद्या धारवाला आला की खाली नेऊन दे. आणि बदललेल्या पात्यावर हात जपून.''