‘ऑक्सिजन किती आहे?’

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा शहरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आयसीयूच्या दाराशी थोडा वेळ बसा. आतून सिस्टर बाहेर आली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘ऑक्सिजन किती आहे?’ कोविडने हा आकडा घरोघरी नेला आणि त्यासोबत काही गैरसमजही.

‘मॉनिटर दाखवतो ते खरंच’

मॉनिटरवरचा हा आकडा बोटावरच्या चिमट्यातून येतो, आणि चिमटा रक्त तपासत नाही. तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश सोडून अंदाज बांधतो. बोटं गार पडली, नखांना गडद पॉलिश असलं तरी आकडा ढळतो. मिशिगन विद्यापीठातल्या आयसीयू डॉक्टरांनी जुन्या नोंदी उपसून चिमट्याचा आकडा आणि त्याच सुमारास काढलेल्या धमनीच्या रक्ताचा अहवाल शेजारीशेजारी ठेवले. चिमटा 92 ते 96 दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन 88 पेक्षा कमी, असं गोऱ्यांमध्ये 3.6 टक्के वेळा, तर कृष्णवर्णीयांमध्ये 11.7 टक्के वेळा आढळलं. हे छापून आलं 2020 मध्ये. आपण सावळी माणसं. डॉक्टरांनी एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्ताची तपासणी, सांगितली तर ‘उगाच बिल वाढवतात’ म्हणण्याआधी हे आठवावं.

‘कॉम्प्युटर धोका आधीच ओळखतो’

कधी ओळखतो, कधी नाही. सेप्सिसचा, म्हणजे संसर्गातून उद्भवणाऱ्या जीवघेण्या अवस्थेचा, इशारा देणारी एक प्रणाली अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत चालू होती. 2021 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 38,455 भरतींच्या नोंदींवर ती पडताळली, तेव्हा सेप्सिसचे 67 टक्के रुग्ण तिच्या हातून निसटलेले दिसले. वर 18 टक्के रुग्णांवर घंटा वाजवून ठेवलेली! सारखी घंटा वाजली की तिच्याकडे कुणी बघेनासं होतं.

‘नोंदींतून शोध लावणं हे बोस्टन-मुंबईचं काम’

हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण उत्तर आपल्याच मातीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. हा जिल्हा 1981 मध्ये झाला. त्याआधी हे गाव औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातच. 1976 पासून ते महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेले रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन दगावत. बावस्कर खाटेपाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातपाय गार पडणं असं सगळं लिहून ठेवत. नोंदी साठल्या तसा क्रम उलगडला: आधी रक्तवाहिन्या आवळतात, मग हृदय थकतं. लक्षणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि 30 ते 40 टक्क्यांवरचे मृत्यू 1 टक्क्याच्या आसपास आले. हाताशी वही होती, कॉम्प्युटर नव्हता.

आयसीयूतल्या तक्त्यावर सिस्टर तासातासाला आकडे भरते, ती तीच वही. तिने विचारलं, ‘त्रास किती वाजता सुरू झाला? घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या?’ तर ‘सकाळपासून’, ‘त्या पांढऱ्या गोळ्या’ असं सांगू नका. वेळ सांगा, आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा.