तीनशे लिटरचं न्हाणं

बऱ्हाणपूरला माझ्या मावसभावाचं घर बांधून होत आलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये त्याला जकुझी हवीय. फोनवर म्हणाला, "तू विज्ञानावर लिहितोस ना, मग सांग, कोणती घेऊ?" मी म्हटलं, "दादा, आधी गच्चीवरची टाकी किती लिटरची ते सांग." तो हिरमुसला. त्याला फेसाळतं पाणी दिसत होतं, मला आकडे.

आकड्यांकडे येतोच, पण आधी त्या फेसाबद्दल. जकुझी हे मुळात एक आडनाव. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेले हे सात भाऊ सुरुवातीला विमानांचे पंखे बनवत. 1921 साली त्यांचं विमान कोसळलं आणि घरच्यांनी तो धंदा बंद करायला लावला. मग ते विहिरींवरच्या पंपांकडे वळले. त्यांच्यातल्या कँडिडोच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणीच संधिवाताने गाठलं. पाण्याच्या उपचारासाठी त्याला दवाखान्यात न्यावं लागे. तोच उपचार घरी व्हावा म्हणून बापाने टबात सोडता येईल असा पंप बनवला आणि 1956 मध्ये तो बाजारात आला. पंप टबाच्या अंगातच बसवून टाकला तो पुढच्या पिढीतल्या रॉयने, 1968 साली. म्हणजे श्रीमंतीची खूण मानली जाणारी ही वस्तू आली ती विहिरीच्या पंपवाल्याच्या घरातून, आजारी पोरासाठी.

आपल्या खानदेशी शेतकऱ्याला हे यंत्र समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याने जेट पंप पाहिलेला असतो. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच टबाच्या भिंतीतल्या अरुंद तोटीतून मोटर पाणी ढकलते. वाट चिंचोळी झाली की पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की दाब उतरतो. हे बर्नुलीने 1738 मध्ये मांडलं होतं. तोटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झाला की शेजारच्या बारीक नळीतून हवा आपसूक आत ओढली जाते. हवेसाठी वेगळा पंप लागत नाही. हवेची चावी बंद असताना तोटीसमोर तळहात धरला तर पाण्याची टणक, काचेसारखी धार लागते. चावी सोडली की तीच धार दुधाळ होते, फुलते आणि हाताला मऊ लागते. शोरूमचे पैसे या मऊपणाचे.

आता दादाचा हिशेब. टबात 300 लिटर पाणी धरू. 25 अंशांचं पाणी 39 अंशांवर आणायला जवळपास 5 युनिट वीज लागते. घरातला 2 किलोवॉटचा गीझर त्यासाठी अडीच तास राबेल. गीझर 15 लिटरचा असेल आणि 60 अंशांचं पाणी देत असेल, तर गार पाण्यात मिसळायला तसे आठ गीझर भरून लागतील. आठवा तापेपर्यंत पहिल्याचं पाणी कोमट झालेलं असणार. आजोळी तांब्याच्या बंबातून घंगाळात पाणी घ्यायचो तेव्हा एका बंबात निम्मं घर न्हाऊन निघे.

बऱ्हाणपूरच्या बाबतीत 300 लिटरच्या आकड्याला आणखी एक धार आहे. ग्रामीण भागातल्या घरोघरी नळाचं पाणी पोहोचवणारा देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून जुलै 2022 मध्ये याच जिल्ह्याचं नाव जाहीर झालं. हे पाणी पुरवणाऱ्या योजनेचं माप आहे माणशी रोज 55 लिटर. दादाचं एक न्हाणं म्हणजे साडेपाच माणसांचा दिवस.

खरं तर हे गाव ऐषारामाच्या अंघोळीला नवखं नाही. तापीकाठच्या शाही किल्ल्यात हमाम आहे आणि त्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून दिसते. मुमताजसाठी तो बांधला असं गाईड सांगतात. तिचा मृत्यू 1631 मध्ये बऱ्हाणपुरातच झाला. मला मात्र हमामापेक्षा शहराबाहेरचा कुंडी भंडारा जास्त ओढतो. सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे उतरतं. 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, ते वाटेतच अडवलं गेलं. शंभराहून जास्त विहिरींसारख्या कुंड्या खणल्या, त्या भुयाराने जोडल्या आणि उताराच्या बळावर पाणी शहराकडे आणलं. ना मोटर, ना वीज. तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराचं नाव या कामाशी जोडलं जातं.

त्या भुयाराच्या भिंतींवर पांढरट थर चढलाय. जकुझी घेणाऱ्याने तो बघून यावा. जमिनीत मुरताना पाण्यात कार्बन डायॉक्साइड मिसळतो आणि असं पाणी वाटेतला चुना विरघळवून घेतं. भुयारात मोकळी हवा लागली की तो वायू उडून जातो आणि चुना भिंतीवर बसतो. टबात हीच क्रिया झपाट्याने होते, कारण पाणी तापवणं आणि त्यात हवा घुसळणं, वायू उडवायचे हे दोन्ही उपाय आपण एकदम करतो. गीझरच्या कॉइलवर खडूसारखं कवच धरतं, तेच तोटीच्या बारीक तोंडात बसतं. बोअरचं जड पाणी असेल तर तोट्या तुंबायला फार वर्षं लागत नाहीत.

टब रिकामा केला तरी आतल्या नळ्यांत थोडं पाणी राहतं. त्यावर बुळबुळीत थर धरतो आणि त्यात लिजिओनेला हा जिवाणू सुखाने राहतो. त्याला 20 ते 45 अंशांचं पाणी मानवतं. बुडबुडे फुटताना उडणाऱ्या तुषारांवर बसून तो फुप्फुसात जातो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या एका पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या अशाच टबामुळे 30 हून अधिक माणसं न्यूमोनियाने दगावली. ती टबात न्हायला गेली नव्हती, प्रदर्शन बघायला गेली होती. तो टब भरून चालू ठेवलेला होता. घरचा आपण दर वेळी उपसतो, त्यामुळे धोका पुष्कळ कमी. पण महिनोन् महिने न वापरलेला टब पाहुणे आले म्हणून थेट सुरू करू नये. आधी नळ्या जंतुनाशकाने धुवाव्यात.

राहिला स्लॅब. पाणी 300 किलो, माणूस 70, टब आणि मोटर 50. साडेपाच फूट बाय पावणेतीन फूट जागेवर हा भार चौरस मीटरला 300 किलोपर्यंत जातो. घरातल्या बाथरूमसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार आहे 200 किलो. (टबात माणूस हलका होतो, हे खरं. पण ते टबात बसणाऱ्यापुरतं. स्लॅबला त्याचं अख्खं वजन पोहोचतंच.) स्लॅब लगेच कोसळेल असं नाही, पण हा प्रश्न सळई बांधण्याआधी इंजिनिअरला विचारायचा असतो. फरशी बसल्यावर गवंड्याला विचारून उपयोग नाही.

दादाला शेवटी एवढंच सांगितलं. घ्यायचीच असेल तर तळमजल्यावर घे. मोटरला 30 मिलिअँपिअरचं वेगळं आरसीसीबी लाव, पाणी 40 अंशांच्या वर नेऊ नकोस, आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या काकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत बसवू नकोस. आणि मोटरपर्यंत हात जाईल एवढं दार टबाच्या बाजूला आत्ताच ठेवून घे. नाहीतर पहिल्या दुरुस्तीला टाइल्स फोडाव्या लागतील.